एक नंबरचा उपग्रह

एका मोठ्या उपग्रहाचं काम आठ लहान उपग्रहांनी वाटून करायचं, हा माझा पीएचडीचा विषय. समितीच्या प्रमुख प्राध्यापकांना तो पोरखेळ वाटला. ‘एक तो ठीक से संभलता नहीं, ये आठ छोडेंगी,’ ते माझ्यासमोरच म्हणाले. राग आला की मला गप्प बसता येत नाही. एकुलता एक बिघडला की खेळ खलास, आठांतला एक गेला तर सात उरतात, असं मी सुनावलं. ते म्हणाले, संगणकावर करून दाखवा, नाहीतर विषय बदला.

विषय बदलून दुसऱ्याच्या मनासारखं संशोधन मी करणार नव्हते. मग उरली नोकरी. गुडगावात नव्या कंपन्या उघडत होत्या, मैत्रिणी भराभर लागत होत्या आणि बाबांनी माझा अर्जही टाईप करून ठेवला होता. मी दिल्लीतच, मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत हट्टाने राहून प्रोग्राम लिहीत बसले. प्रत्येक उपग्रहाचं घड्याळ किंचित वेगळं चालायचं, एकमेकांत अंतर राखताना एखादा भरकटायचा. चार महिन्यांनी आठही ठिपके पडद्यावर शिस्तीत फिरू लागले.

समितीपुढे मी पाचवा बंद केला. बाकीच्यांनी जागा भरून काढली. ‘अब एक नंबर,’ प्राध्यापक म्हणाले. तो बंद केला आणि उरलेले सगळे सैरावैरा भरकटले.

सगळे निरोप मी एक नंबरमार्फत पाठवत होते. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले मी. साहेबांच्या सहीशिवाय फाईल हलत नाही आणि साहेब रजेवर गेले की अख्खा सेक्शन चहा पीत बसतो, हे रोज जेवताना ऐकलेलं. अंतराळातसुद्धा मी आधी साहेब नेमला होता.

भयंकर लाज वाटली. तरी म्हणाले, ‘चूक माझी आहे, विषयाची नाही. एक महिना द्या.’ नाखुशीने का होईना, दिला.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘अच्छा, पण एकाने तरी जबाबदारी घ्यायला नको का? असं ऑफिस चालत नाही, बेटा.’

‘बिल्कुल चालत नाही. म्हणून तर तुम्हाला दिवाळीतही रजा मिळत नाही.’

मला जरा वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

महिनाभरात साहेब काढून टाकला. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्यांशी बोलायचं, शेजारी गप्प झाला तर त्याच्या पलीकडच्याला हाक मारायची. यावेळी कीबोर्ड मी प्राध्यापकांपुढे सरकवला. हवा तो बंद करा, म्हटलं. त्यांनी एक नंबर घालवला, मग आणखी दोन. उरलेले पाच जवळ सरकले आणि फिरत राहिले.

त्यांनी विषयाच्या मंजुरीवर सही केली. पेन खिशाला लावता लावता विचारलं, ‘मगर इन सबका इन्चार्ज कौन है?’

‘कोई नहीं, सर.’

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही.