साखरबाई आणि बेडूकउशी

तारापूरजवळच्या आमच्या गावात कुणाचं नाक सरळ असलं, तर त्याचं श्रेय आईबापांना न मिळता साखरबाईला मिळे. नवं बाळ आलं की ती पाटावर पाय पसरून बसायची, पोराला पायांवर घेऊन खोबरेल चोळायची, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची, नाक चिमटीत धरून ओढायची आणि शेवटी दोन्ही पाय जुळवून दुपट्यात असं करकचून बांधायची, की पोर आहे का पडवळ, असा प्रश्न पडावा. "सैल बांधलं तर पाय फेंगडे व्हतील," हा तिचा कायदा.

अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. त्या कामावर साताऱ्याकडून आलेल्या प्रतापची बायको मैनाबाई पालघरला बाळंत झाली. मुलगी सुलू. डॉक्टरांनी पाहिलं तर तिच्या डाव्या मांडीचा सांधा खोबणीतून निसटलेला. "कापाकापी नको," ते म्हणाले. दोन मांड्यांमध्ये जाड उशी बांधली, पाय बेडकासारखे फाकवले. "काही महिने ही सोडायची नाही. सांधा बसला तर पोरगी नीट चालेल, नाहीतर जन्मभर लंगडेल."

महिन्याभरानं घरी आल्यावर मैनाबाई विहिरीवर गेली, तेवढ्यात साखरबाई हजर.

"अगं बाय माझी! कुणी गं तुझा बेडूक केला?"

मैनाबाई परतली तेव्हा पडवळ तयार होतं.

"मावशी! उशी कुठाय?"

"वाळत घातली. भिजलीवती नाय का!"

मैनाबाई रडतच पालघरला निघाली. साखरबाईही हट्टानं बरोबर गेली, डॉक्टरला दोन शब्द सुनवायला. डॉक्टरांनी सुलूला तपासलं. "बसत आलेला सांधा निसटला. पुन्हा पहिल्यापासून." मग त्यांनी साखरबाईचीच मूठ तिच्या दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात बसवली. "हा गोळा, ही वाटी. पाय फाकलेले, तर गोळा वाटीत. जुळवून ताणलेत, की बाहेर."

परतताना एसटीत साखरबाई आपली मूठ तळव्यात बसवून आणि बाहेर काढून पाहत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती उशीची राखणदार झाली. आपलं मऊ लुगडं फाडून तिनं उशीला अभ्रे शिवले. सुलूला पाण्यात न घालता उशीसकट पुसून काढू लागली. साताऱ्याहून प्रतापची आई राहीबाई आली आणि नातीचे पाय सरळ करायला वाकली, तशी ही ओरडली, "हात नका लावू! गोळा वाटीत हाय!"

"मी आजी आहे तिची!"

"तुमी पोरीची आजी, मी पायाची. बसा तिकडं."

उशी सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, आता कडेवर घ्या, पाय फाकवून. "त्ये नका शिकवू मला," साखरबाई म्हणाली आणि सुलूला कडेवर मारून सगळं गाव फिरली.

एके सकाळी सुलू अंगणात उभी राहिली आणि कोंबडीमागे निघाली. मैनाबाईनं डोळेच मिटून घेतले. साखरबाई जमिनीला गाल टेकून पावलं पाहत राहिली.

"सारखी पडतात गं! दोन्ही सारखी!"

तिनं सुलूला उचलून पटापट मुके घेतले. मग तोंड लांब धरून निरखलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाय! पायाच्या नादात नाक ओढायचं राह्यलं की!"