बस्ता, मुक्काम माझी खोली

अमळनेर स्टेशनात सुरत पॅसेंजर उभी होती आणि आई खिडकीची सळई धरून रडत होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. यांची नोकरी सुरतेला, कापडाच्या कारखान्यात, म्हणून मीही निघाले होते. बाकावर माझी पेटी, मांडीवर पापडांचा डबा. माझे वडील, आबा, मात्र रडले नाहीत. त्यांनी खिडकीतून हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "सुरत काय दूर शे व पोरी? आम्ही बठ्ठा जण येत राहसूत."

आबांनी शब्द पाळला. माझी सगळी तक्रार तीच आहे.

तुम्ही गावी राहिलेल्यांना हे पटायचं नाही, पण माझ्यासारख्या ज्या मुली सुरतेच्या उधन्यात, लिंबायतीत येऊन पडल्या त्यांना लगेच कळेल. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्ही घरची माणसं मिळून लग्नाचं कापड घ्यायला निघतात, तो बस्ता. कापड स्वस्त सुरतेला. आणि सुरतेला कोण आहे? आबांची पोर आहे. मग काय, लग्नसराई लागली की पहाटे दार वाजायचं. दारात गावातलं कुणीतरी, त्यांच्या मागे त्यांचे व्याही, त्यांच्या मागे व्याह्यांचे भाऊबंद, आणि सगळ्यात मागे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी, म्हणजे माझ्यासाठी भेट आणि त्यांच्यासाठी भाकरीची सोय.

खोली एक, तिला जोडून ओटा. संडास-बाथरूम चाळीत सगळ्यांचं मिळून. घरमालकीण सविताबेन स्वभावाने गोड, पण पाणी भरायच्या वेळी तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "बेन, आ शुं छे? रोज रोज जान?" माझ्या दारात रोज वरात आल्यासारखं तिला वाटायचं, आणि तिचं काही चुकत नव्हतं. पाहुणे आले की आमचे हे उशी काखेत मारून गच्चीवर जायचे. माझ्या वाट्याला स्टोव्ह. बरं, राबून वाढावं तर जेवताना शेरे. वरणात साखर का? ठेच्याला दम का नाही? सुरतेचं पाणी लागलं वाटतं हिला. अहो, मीही माणूस आहे. शेजारच्या वाटीतून आलेलं गोड वरण खाऊन खाऊन माझ्याही हाताला साखरेची सवय लागली असेल.

ते सगळं चालवून घेतलं असतं. मला खरा संताप यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. इतकी माणसं यायची, पण नवरी कधी नसायची. नवरीचा शालू घ्यायचा सासरच्यांनी, पसंत करायचा वडीलधाऱ्यांनी, आणि नवरीने तो हळदीच्या आदल्या दिवशी बघायचा. दुकानात गादीवर पुरुषमाणसं मांडी घालून बसत, चहावर चहा होई, कापड चिमटीत धरून चोळलं जाई. बायका मागे बसत आणि ब्लाउजपिसं मोजत. माझाही शालू असाच आला होता. चॉकलेटी. का, तर मळखाऊ. जन्मात एकदा नेसायचा शालू मळणार कधी, हे मी कुणाला विचारणार होते? लग्नाच्या फोटोत मी चहाच्या किटलीशेजारी उभी आहे की मीच किटली आहे, ते अजून नीट कळत नाही.

म्हणून धाकट्या शोभाचं लग्न ठरलं तेव्हा तिने दिवाळीत मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते माझ्या मनात घट्ट बसलं. "अक्का, दुसरं काही नको. फक्त मना शालू मीच पसंत करसू." एवढंच. शिक्षण अर्धं सुटलं तेव्हा ती बोलली नाही, मुलगा तिला न विचारता ठरला तेव्हाही बोलली नाही. आता हे तरी तिला मिळावं असं मला फार वाटलं.

आबांकडे विषय काढला. ते भडकले नाहीत, पण त्यांना कसंतरीच झालं. "नवरी कधी बस्ताले जास का? लोके काय म्हनतीन?"

सुरतेला परत आले आणि चार दिवसांनी एस.टी.डी. बूथवरून गावच्या दुकानात फोन लावून निरोप ठेवला. दोन्हीकडची एवढी माणसं जेवणार, माझ्या एकटीने भाकरी होणार नाहीत, शोभाला भाकरी थापायला आधी पाठवा. आता गंमत बघा. नवरी म्हणून जी पोर येऊ शकत नव्हती, ती भाकरी थापायला लगेच आली. कुणालाही वावगं वाटलं नाही.

बस्त्याच्या दिवशी दुपारी मी आणि शोभा जेवणाचे डबे घेऊन बाजारात गेलो. दुकानात शोभाचे होणारे सासरे, नाना, गादीवर मधोमध. त्यांच्यापुढे बाजूला काढलेला शालू बघून माझं डोकंच फिरलं. कथ्थई. शोभाला दारात बघून सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. आबांनी मान खाली घातली. नानांच्या एका भावाने घसा खाकरला. नानांच्या कपाळावर आठी आली आणि मला वाटलं, माझ्या शहाणपणापायी आता लग्न मोडतं की काय. दुकानदार तेवढा हुशार. त्याने काही न विचारता दोन-चार शालू उलगडून शोभासमोर टाकले.

शोभाने हातातला डबा खाली ठेवला. पदर सारखा केला. मग एका शालूवर बोट ठेवून म्हणाली, "नाना, हाऊ."

राणी कलर. असा भडक की डोळे दिपावेत, वर काठाला पोपटी. एवढा खटाटोप करून या बयेने निवडलं काय, तर हे. मला तो आजही बघवत नाही.

नानांनी कापड चिमटीत धरलं. कितीतरी वेळ चोळलं. शोभाकडे एकदाच बघितलं. "रंग जाई का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. तो नाही म्हणाला. "मंग बांधा," नाना म्हणाले आणि डबा उघडायला लागले.

संध्याकाळी सगळ्यांना गाडीत बसवलं. गाडी सुटायला आली तेव्हा नाना डब्याच्या दारात आले आणि इकडे तिकडे बघत, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाले, "बाई, पुढला साल मनी पोरना बस्ता शे. भाकरी कराले तिले बी तुमनाकडे धाडू का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून माझे हाल आणखी वाढलेत. आता बस्त्याआधी पोरी येतात. आठ-आठ दिवस राहतात, माझी पावडर संपवतात, गच्चीवर उभ्या राहून सविताबेनच्या पोरीकडून गुजराती शिकतात आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या रंगांवरून भांडतात. गाव सोडताना वाटलं होतं की घर मागे राहिलं. कसलं राहतंय. ते दर लग्नसराईत पॅसेंजरने येतं आणि चाळीच्या बाथरूमपुढे रांग लावतं. आबा विचारतात, गावाची आठवण येते का? येऊ द्यायला उसंत तर हवी. पण खरं सांगते, एखाद्या वर्षी कुणी आलं नाही तर मी इथे फक्त राहीन, माझं घर इथे असणार नाही.

येत्या सोमवारी धरणगावाकडची एक पोर येतेय, भाकरी थापायला. तिला भाकरी येत नाही, हे तिच्या आईनेच मला आधी कळवून ठेवलंय.