तर्रीवाले भाऊ आणि आमचा वेगळा विषय

नव्वदच्या दशकात मी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होते. होस्टेलच्या फाटकाशी एक भाऊ पोह्यांची गाडी लावायचे. त्यांचं नाव कधी विचारलंच नाही. झणझणीत तर्री ते न विचारताच पोह्यांवर ओतायचे. "बाजूला द्या ना" म्हटलं, की पळी आणखी खोल बुडायची.

एका वर्षी आम्हा मैत्रिणींत वाद पेटला होता. आजारात शरीराच्या आत काय बिघडतं, ती पॅथोफिजिऑलॉजी वेगळा विषय म्हणून हवी, की प्रत्येक आजारासोबत थोडी थोडी शिकवतात तेवढी पुरे? एकदा गाडीपाशी पोहे खाताना मी वेगळ्या विषयासाठी भांडत होते. भाऊंनी पळी आपटली.

"अलग कायले पाह्यजे? पोह्यात तर्री मुरली तरच मजा हाय न बाई!"

मैत्रिणी खिदळल्या. मी हरले.

काही दिवसांनी भाऊ छाती चोळत उभे. "लय जळून राह्यलं. रोज सकाळी तर्री चाखा लागते न."

आम्ही सगळ्या एकदम सुरू झालो. थंड दूध घ्या, तिखट सोडा, उपाशी राहू नका.

"थे त माही बायकोबी सांगते," भाऊ म्हणाले. "पन तर्री जाते पोटात अन् जळते छातीत. काऊन?"

जी ती आपल्या पोह्यांत बघू लागली.

"घ्या बाई, अलगच विषय घ्या," भाऊंनी निकाल दिला.

मी खुशीत प्लेट पुढे केली. "मग माझी तर्रीही अलग द्या."

"थे नाई जमत," म्हणाले, आणि पळीभर ओतली.