पेटीचा दोर

फाळणीत सिंध सोडून आलेला तो माणूस बायकोसह आमच्या कारंज्याच्या धर्मशाळेत राहायचा. सामान म्हणजे एक लोखंडी पेटी, दोराने करकचून बांधलेली. दोर सोडायचा नाही, असं बायकोने बजावलेलं. घरी परत जायचंय म्हणे.

रोज सकाळी तो माझ्या भाजीच्या दुकानी यायचा, वांगी उगाच उलटीपालटी करायचा आणि विचारायचा, "कमल की जड नहीं आई? नहीं आई?" प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायची त्याची सवय. "वो कुछ खाती नहीं. वही माँगती है, वही माँगती है."

"भाऊ, कमळाचं मूळ कोणी खाते काय? आमी तं फूल देवाले वाहतो!" एक दिवस वैतागून मी सांगितलं, "तळं भरलं हाये कमळानं. जा अन् उपट!"

तो पळालाच! मीही तराजू टाकून मागे धावलो. तो छातीभर पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी गाळ चाचपू लागला. काठावर ही गर्दी! कोणी ओरडलं, "येडा झाला काय बे?" तेवढ्यात त्याने चिखलाने माखलेलं हातभर मूळ वर काढलं आणि असा नाचला, की आम्ही सगळेच टाळ्या पिटायला लागलो.

दुसऱ्या दिवशी त्याने मला जेवायला ओढत नेलं. "और लो, भाई," त्याची बायको पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. मूळ मोठं चवदार निघालं.

हात धुवायला अंगणात आलो, तर दोन कडुनिंबांमध्ये पेटीचा दोर ताणलेला होता. त्यावर तिची ओढणी वाळत होती.