काचेतली टोपी

तळवड्याच्या चौकात आमी शेवटचा चहा घेतला तो भांडतच. माझ्यासंगं होता तो चौकातला वाहतूक हवालदार. नाव मी कधी विचारलं न्हाई. ट्रकवाला असो की मोटारवाला, सगळ्यांना तो हात खाली दाबून म्हणायचा, “हळू, मालक, हळू.” चहा पितानाही मांडीवरची टोपी पुसत बसायचा. असा माणूस आमच्या चौकात हाय, हे मी छाती फुगवून सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून त्याला पोलिसांची खूण नसलेल्या पांढऱ्या गाडीत बसून वेगवान गाड्या टिपायच्या होत्या.

“बरं झालं,” मी म्हणलो. “लपून धर एकेकाला.” माझी बायको याच चौकात भरधाव टेम्पोखाली गेली.

“काका, दंड मागनं होतो. काकूंच्या वेळी टेम्पो आधी हळू व्हायला पाहिजे होता.”

“पोलीस दिसला की लोक तेवढ्यापुरते हळू होतात.”

“रस्ता ओलांडायला तेवढंच लागतं, मालक.”

मी चिडून उठलो.

सकाळी पांढरी गाडी बायको पडली त्याच जागी उभी होती. हा आत, आणि पुढच्या काचेत सगळ्यांना दिसेल अशी टोपी. टेम्पो हळू होत होते. मी रस्त्यात पाय टाकला, तसा त्यानं येणाऱ्या टेम्पोकडं बघत खिडकीतनं हात काढून खाली दाबला.