धुऱ्यापासून दुसरा

हिंगणघाटच्या जिनात कापूस साफ करणाऱ्या बायांमध्ये धुरपता अशी एकच होती, जिच्याशी बोलताना मुकादम आवाज खाली घ्यायचा. ती भांडखोर होती म्हणून नव्हे. ती बोलायचीच कमी. पण एकदा नाही म्हणाली की ते पुढच्या हंगामापर्यंत नाहीच राहायचं, हे सगळ्या जिनाला ठाऊक होतं. तिचा नवरा श्रावण त्याच जिनात बोजे वाहायचा. भला माणूस, कोणालाही पटकन हो म्हणून टाकणारा. त्या घराला लागणारे सगळे नकार एकट्या धुरपतालाच पुरवावे लागत.

तिचं माहेर अल्लीपूरचं. माहेर म्हणजे मालकाच्या वावराच्या कोपऱ्यातली एक खोपडी. बाप तिथं सालदार होता. मालक काही वाईट नव्हता. "राहा रे इथं, जागा लागली की सांगीन," एवढंच तो म्हणाला होता. आणि एका वर्षी त्याला नेमका तिथंच गोठा बांधायचा झाला, तेव्हा त्याने सांगितलं. बापाने खोपडीच्या बल्ल्या खांद्यावर घेतल्या, आईने गाडगी-मडकी घेतली, आणि लहानग्या धुरपताने काखेत कोंबडी धरली. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी रडलं नाही. इतक्या सुखासुखी माणसांचं घर जातं, हे मात्र ती कधी विसरली नाही. तिला अजून एक आठवायचं. आई मालकाकडे ताक आणायला जायची, तेव्हा अंगणाच्या बाहेर उभी राहून आधी हाक द्यायची, "येऊ का जी?" आतून उत्तर यायला वेळ लागे. तोवर आई पदर सावरत उभी असे, आणि धुरपता आईच्या लुगड्याआडून त्या अंगणाकडे बघत असे.

लग्न होऊन ती हिंगणघाटला आली आणि जिनात लागण्याआधी चार-पाच वर्षं महादेवरावांच्या वावरात कापूस वेचायला गेली. वावर गावाला लागूनच, नाल्याच्या अलीकडे. त्या वावराची पात न् पात तिच्या पायाखालची. चोपन्न साली महादेवरावांनी ते वावर मोडून त्याचे प्लॉट पाडले. गाव वाढत होतं, जागेला भाव येणार होता. मास्तर, कारकून, किराणावाले असे शहाणेसुरते लोक प्लॉट घेऊन ठेवू लागले. राहायला जायचा विचार त्यांच्यातल्या एकाच्याही मनात नव्हता. गोदामात माल भरून ठेवावा तशी त्यांनी जमीन भरून ठेवली होती, आणि संध्याकाळी पानठेल्यावर उभं राहून तिच्या वाढत्या भावाच्या गप्पा ते मोठ्या चवीने करत.

धुरपता महादेवरावांकडे गेली तेव्हा तिने भावाचं शेवटी विचारलं. आधी विचारलं ते वेगळंच.

"मालक, पलाट घेतला तं तिथं राह्यता येते ना?"

महादेवरावांना हसू आलं. "राह्यासाठीच अस्ते ना बाई. पन तिथं कोन राह्यते आता? कोल्हे."

"मंग आमी राहू."

महादेवरावांनी जरा वेळ डोकं खाजवलं. तिच्या वस्तीतल्या माणसाला प्लॉट दिला तर बाकीचे काय म्हणतील, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. पण नाल्याकडच्या बाजूला फारसं गिऱ्हाईक नव्हतं, आणि ही बाई पदराला गाठ मारून आली होती. ते तिला रस्त्यावर घेऊन आले आणि हात लांब करून म्हणाले, "तो धुरा दिसते? धुऱ्यापासून दुसरा. तो तुहा."

धुरा म्हणजे वावराचा बांध. धुरपताला तो दाखवायची गरजच नव्हती. त्याच बांधावरच्या बाभळीखाली बसून तिने कितीतरी दुपारी भाकर खाल्ली होती.

धुरपताला आजीकडून मिळालेले चांदीचे तोडे त्या व्यवहारात गेले. वस्तीतल्या बायांनी तिला वेड्यात काढलं. चांदी अंगावर घालता येते, अडीनडीला मोडता येते; मातीचं काय करशील? खरेदीखत धुरपताने स्वतःच्या नावाने करायला लावलं. श्रावणाने त्यालाही हो म्हटलं, कारण तो हो म्हणणाराच होता. पण खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंही वाटलं होतं.

छप्पनच्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर तिने भिंतीतल्या देवळीतल्या मूर्ती नाल्यात सोडल्या आणि म्हणाली, "आता या उन्हाळ्यात घर." जिनाचा हंगाम संपला तसे दोघं कामाला लागले. कच्च्या विटा स्वतः थापल्या. नाल्याकडून मुरूम आणून पाया भरला, कारण काळ्या मातीत नुसती भिंत उभी केली तर ती पहिल्याच वर्षी दात दाखवते. गवंड्याने पायाभरणीला नारळ मागितला, तेव्हा धुरपता नाही म्हणाली. वस्तीतली माणसं जमली, सगळ्यांनी पंचशील म्हटलं आणि पहिला दगड बसला. गावातल्या एका पडक्या घराची सागवानी चौकट तिने विकत आणली होती. त्या चौकटीला ती रोज तेल लावायची. श्रावण म्हणायचा, एवढं तेल तर तू माह्या डोक्यालेबी लावलं नाई.

छपरावर कवेलू चढले, घर उभं राहिलं. साऱ्या मोकळ्या रानात ते एकच घर. दोघं राहायला आले, दारात धुरपताने कडुलिंबाचं रोप लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या जागेवर सडा टाकू लागली. सडा टाकायला तिला उगाच जास्त वेळ लागायचा. ते सुख तिने जेमतेम महिनाभर भोगलं असेल.

मे महिन्यात एके सकाळी रूपराव गुरुजी मोजणीदाराला घेऊन आले. गुरुजी गावातल्या शाळेत शिकवत आणि भाड्याच्या घरात राहत. धुऱ्याजवळचा पहिला, कोपऱ्यावरचा प्लॉट त्यांचा होता. त्यांना त्याला काटेरी कुंपण घालायचं होतं. मोजणीदाराने नकाशा पसरला, साखळी टाकली, पुन्हा टाकली, आणि धुरपताच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, तुमचं घर गुरुजींच्या प्लॉटात आहे."

श्रावण हसला. "नाई जी. धुऱ्यापासून दुसरा. आमी पायानं मोजला."

चूक नेमकी तिथंच होती. नकाशात धुऱ्याच्या कडेने एक रस्ता सोडलेला होता, आणि प्लॉट त्या रस्त्याच्या पुढून सुरू होत होते. रस्ता कागदावरच होता. जमिनीवर त्याचं नावनिशाण नव्हतं. निशाणीचे दगड दोन पावसाळ्यांत काळ्या मातीने गिळले होते. धुरपता, श्रावण आणि मदतीला आलेली सगळी वस्ती, ही जन्मभर वावरात राबलेली माणसं. वावरात पहिली पात धुऱ्यालगत सुरू होते. धुऱ्याजवळची जमीन कोणी रिकामी सोडतं का? सगळ्यांनी धुऱ्यापासूनच मोजलं, आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घर पुरतं गुरुजींच्या हद्दीत बसलं होतं.

धुरपता दारातच खाली बसली. हे घर जाणार, एवढं एकच तिला कळलं. अल्लीपूरची ती कोंबडी तिला पुन्हा काखेत फडफडल्यासारखी वाटली.

गुरुजी मात्र चांगला माणूस. तिचं तोंड पाहून त्यांनाच कसंतरी झालं. "अगं धुरपते, घाबरू नको. मी काय घर पाडायला आलो काय? राहा तुम्ही. मी काही आत्ता इथं बांधत नाही. जागा लागली की सांगीन."

श्रावणाने दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "लय उपकार झाले गुरुजी."

मग त्यालाच एक युक्ती सुचली. "नाई तं गुरुजी, तुमी आमचा घ्या, आमी तुमचा घेतो. अदलाबदल."

गुरुजी अडखळले. त्यांचा प्लॉट कोपऱ्याचा, दोन रस्त्यांचा. त्यांनी त्याला जास्त मोजले होते. पण ते काही बोलायच्या आत धुरपताच उठली.

"ते काऊन देतीन? त्यायनं कोपऱ्याचा घेतला हाय. चूक आपली." मग ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुमी चांगलं बोलले. पन आमी घर घेऊन जातो."

"घेऊन जातो? घर?"

"हो जी. मिरगाच्या आत तुमची जागा मोकळी करून देतो."

गुरुजी गेल्यावर श्रावण तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा चिडला. त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या तळहातांवरचे फोड अजून वाळले नव्हते. "तो मानूस राहा म्हून राह्यला, अन् तुले काय झालं वं? कोन उठवून राह्यलं आपल्याले?"

"आज कोनी नाई उठवून राह्यलं," धुरपता म्हणाली. "माह्या बापालेबी बरीच वर्सं कोनी नाई उठवलं."

श्रावणाला अल्लीपूरची गोष्ट माहीत होती. तो थोडा वेळ भिंतीला टेकून बसला, मग उठला आणि शिडी आणायला गेला.

पुढचे दिवस हिंगणघाटकरांनी जे पाहिलं, ते त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. लोक घर बांधतात, लोक घर पाडतात; हे घर चालत होतं. जुन्या वस्तीतली माणसं पुन्हा आली. चिडवत आली, "काय वं धुरपता, तुह्या घराले पाय फुटले म्हनते?", पण आली. बायांनी एका रांगेत उभं राहून कवेलू हातोहात पुढे दिले. एकही फुटू नये म्हणून धुरपता रांगेच्या टोकाला स्वतः बसली होती. छपराची मयाल उतरली, बल्ल्या उतरल्या. भिंतीच्या ज्या विटा धड निघाल्या त्या पुढे गेल्या, ज्या फुटल्या त्यांची माती भिजवून पुन्हा थापली. मुरूमसुद्धा तिने खणून काढून टोपल्यांनी नेला आणि गुरुजींच्या जागेतला खड्डा मातीने भरून पायाने दाबून दिला. चौकट मात्र तिने कोणाला उचलू दिली नाही. ती आणि श्रावण, दोघांनी दोन बाजू धरल्या आणि मधली पन्नास-साठ पावलं चालून गेले. ऊन असं होतं की कावळेही बाभळीत गप्प बसले होते.

गुरुजी छत्री घेऊन एकदा पाहायला आले. रस्त्यावर थोडं थांबले आणि परत गेले. आपण दिलेली मेहेरबानी या बाईने एवढी मेहनत घेऊन परत का केली, हे त्यांना त्या दिवशी उमगलं नाही. उमगायला त्यांना वेळ लागला, पण उमगलं, हे त्यांच्याविषयी सांगितलंच पाहिजे.

मिरगाच्या आत धुरपता आपल्या दाराशी पुन्हा सडा टाकत होती. कडुलिंबाचं रोपही मुळासकट आलं होतं. या वेळी मोजणीदाराकडून चारही कोपऱ्यांचे दगड तिने समोर उभं राहून पुरून घेतले, आणि त्यांना चुना फासला.

त्यानंतर एक गंमत झाली. एक घर दिसायला लागलं, चुलीचा धूर दिसायला लागला, तशी त्या रानाची भीती गेली. पलीकडे एका कंपाउंडरने बांधलं, मग एका शिंप्याने. काही जण तिचं घर बघून आधी कचरले, मग त्यांनीही बांधलं. गावात जागेचा भाव विचारला की दलाल सांगू लागले, "धुरपताबाईच्या घरापासून चौथा," "धुरपताबाईच्या समोरचा." धुऱ्यापासून मोजायचं सगळे विसरले. ज्यांनी जमीन भरून ठेवली होती, त्यांचा पैसा तिच्या चुलीच्या धुराने वाढला, आणि त्यासाठी तिला कोणी चहासुद्धा पाजला नाही. तिला त्याचं काही नव्हतं. तिने भाव येण्यासाठी घेतलीच नव्हती जागा.

एकोणसाठच्या हिवाळ्यात रूपराव गुरुजींनी कोपऱ्यावरचा प्लॉट विकायला काढला. गिऱ्हाईकही आलं, चांगलं आलं. आणि ऐन वेळी गुरुजींनी विकायचं रद्द केलं. बायकोला म्हणाले, भाड्याच्या घरात आपण किती वर्षं राहिलो, आणि घरमालक एका शब्दाने आपल्याला उठवू शकतो, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? बायको म्हणाली, माझ्या लक्षात लग्नाच्या वर्षीच आलं होतं.

गुरुजींचं बांधकाम सुरू झालं. भिंत हद्दीच्या जवळ आली तेव्हा गवंड्याला पलीकडच्या बाजूने हात फिरवायला जागा हवी होती. पलीकडे धुरपताचं अंगण. गवंडी सरळ पाय टाकायला निघाला, तर गुरुजींनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

सकाळची वेळ होती. धुरपता नुकताच सडा टाकून निंबाखाली तांदूळ निवडत बसली होती. चुना लावलेल्या दगडाच्या अलीकडे गुरुजी येऊन थांबले. टोपी नीट केली. गळा खाकरला.

"धुरपताबाई," ते म्हणाले, "येऊ का जी?"

धुरपताने मान वर केली. दगडापलीकडे धोतराचा सोगा सावरत गुरुजी उभे होते, वाट बघत. सूप मांडीवर तसंच राहिलं. तिला तिची आई हवी होती या वेळी, निदान हे बघायला तरी.

उत्तर यायला थोडा वेळ लागला. गुरुजी तोवर दगडाच्या अलीकडेच उभे राहिले.

"या ना जी," धुरपता म्हणाली, आणि त्यांना बसायला पाट आणायला आत गेली.