आमच्या हातपंपाचं पाणी

माझ्यासारख्यानं लिहावं का, ठाऊक नाही, माफ करा. पण अमोनियाचा वास आला की अजून डोकं तापतं. धुळ्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला मी शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावच्या हातपंपाचं पाणी नेलं होतं. थेंबथेंब सोडलेलं ईडीटीए पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं; सगळं धरलं गेलं की अमोनिया नि रंगद्रव्य घातलेलं लालसर पाणी निळं होतं. माझी ईडीटीएची नळी, ब्युरेट, रिकामी झाली, तरी पाणी लालच. सर हसले, "गावात पाणी पिता की चुना? हात चुकला तुझा. बाकीच्यांचं रीडिंग उतरव." मार्कांच्या भीतीनं मी ते उतरवलं, आणि घरी काही बोललोच नाही. आई तेच पाणी पीत राहिली. काल हातपंप बंद केल्याचं सांगायला तिचा फोन आला, "भाऊ, हातपंप बंद करी टाका. पानी पेवासारखं नही, म्हनतस."